जुन्या बेलरचा एक नॉटर गाठ धरत नाही: बिलहुक आणि पिकअपचे दात पुण्यात कुठे मिळतील?

माळावरचं_गवत (सासवड)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. मशीनपुढे बसून जे जे दिसलं ते सगळं लिहिते आहे, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

आमच्याकडे गवताचे छोटे चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर आहे, दोन सुतळ्यांचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो एका सरकारी फार्मच्या लिलावात घेतला. तेव्हाच तो वयस्क होता. कंपनीची प्लेट तेव्हाही नव्हती, रिव्हेटची भोकं तेवढी शिल्लक आहेत. रंग तांबडा आहे, पण तो आम्ही दिलेला. खरवडलं की खाली आणखी एक तांबडा आणि मधूनमधून पिवळा लागतो. त्यामुळे मॉडेल कुठलं, हे मला सांगता येत नाही, आणि मॉडेल सांगितल्याशिवाय काउंटरवर कोणी पुढचं बोलत नाही. एका डीलरकडे "याचं आता काही येत नाही, नवीन बघा" यावरच बोळवण झाली. नवीन घ्यायचा सल्ला कृपया इथे देऊ नका. मशीनचा गिअरबॉक्स तेल गाळत नाही, फ्लायव्हील हाताने फिरवलं तर लोण्यासारखं फिरतं, चेंबर कुठेही सडलेलं नाही. असं मशीन एका मुठीएवढ्या पार्टसाठी भंगारात घालायचं, हे मला पटत नाही.

आता दुखणं. नॉटर दोन आहेत, म्हणजे सुतळीला गाठ मारणारी यंत्रणा, प्रत्येक सुतळीला एक. डावीकडचा नॉटर उत्तम. उजवीकडचा पाच-सहा गठ्ठे नीट बांधतो आणि मग एक सोडतो. सुटलेल्या सुतळीचं टोक बघितलं तर ते कापलेलं किंवा पिंजलेलं नसतं. गाठीत धरलंच गेलं नाही, अलगद निसटलं, असं दिसतं. सुतळी तीच, ताण दोन्हीकडे सारखा. म्हणून दोन्ही नॉटरचे बिलहुक, म्हणजे ज्याच्यावर सुतळी गुंडाळून गाठ पडते ते फिरते हुक, काढून एकमेकांत बदलून बघितले. दुखणं बिलहुकबरोबर डावीकडे गेलं. म्हणजे फ्रेम, कॅम, सुतळी वर नेणारी सुई यांचा दोष नाही, हा एकच भाग गेलाय, असं मी धरते. चूक असेल तर सांगा.

तो बिलहुक हातात घेतला तर तीन गोष्टी दिसतात. सुतळी जिथे घासते तिथे खाच पडली आहे, नख फिरवलं की अडकतं. हुकाच्या उघडझाप करणाऱ्या जिभेच्या शेपटीला जो बारका रोलर असतो तो एका अंगाला चपटा झालाय. आणि जीभ पिनवर आडवी हलते.

याशिवाय पिकअपचे, म्हणजे जमिनीवरून गवत उचलणाऱ्या भागाचे, बरेच दात तुटलेत. दोन पायांची, मधे वेटोळी असलेली स्प्रिंग असते ना, ती. प्लंजरची, म्हणजे चेंबरमध्ये गवत दाबणाऱ्या भागाची, सुरी बोथट आहे आणि प्लंजरच्या एका रोलरचं बेअरिंग कुरकुरतं. पण ही कामं कुठे ना कुठे होतील असं वाटतं. खरी अडचण बिलहुकची.

घाई का, तेही सांगते. आमचं गवत म्हणजे माळावरचं पवन्या आणि मारवेल. त्यात कुसळी उगवतंच. पवन्या फुलोऱ्यात आलं की कापायचं, तोवर कुसळीला कुसळं पक्की झालेली नसतात. एकदा ती वाळून टोकदार झाली की जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. आमचे गठ्ठे पुण्यात घोड्यांच्या तबेल्यांना जातात. तिथला माणूस गठ्ठा उघडून मूठभर गवत हातावर चोळून बघतो आणि कुसळ टोचलं तर गाडी परत. त्यामुळे कापणी दसऱ्याच्या मागेपुढे उरकायची असते आणि त्या दिवसांत बेलर बंद राहिला तर वर्ष गेलं. सुटं गवत तबेलेवाले घेत नाहीत, ठेवायला जागा नसते.

तर विचारायचं हे: बिलहुक मिळेल कुठे? मिळाला नाही तर भोसरीत कोणी बनवून देईल का? आणि हे मशीन नेमकं कोणतं, हे ओळखायचं कसं?

---

हडपसर_स्पेअर

ताई, मी ट्रॅक्टरच्या पार्टच्या धंद्यात आहे. बिलहुक नाना पेठेत शोधू नका, तो बाजार गाड्यांचा आहे, तिथे दिवस मोडेल. बेअरिंग, ऑइल सील, चेन मात्र पेठांत सहज मिळेल. बोल्ट, ग्रीस निपल, कॉटर पिन, क्लिप असल्या किरकोळ गोष्टींना रविवार पेठेतली बोहरी आळी. पूर्वी अशा मशीनचा अख्खा सांगाडा चिखलीच्या कुदळवाडीत सापडायची शक्यता असायची, पण २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली दुकानं आणि शेड पाडली. माल विखुरला, आता कोण कुठे बसलाय ते विचारत फिरावं लागतं.

बेअरिंग आणायला जाताना जुनं बेअरिंग बरोबर न्या. नंबर पुसला असला तरी मापावरून काढून देतात.

---

दौंड_पाचट

आम्ही उसाचं पाचट बांधतो, भाड्याने बेलर चालवतो. मॉडेलचा नाद आधी सोडा. लिलावातल्या मशीनचा रंग कधीच खरा नसतो आणि चेंबरचं मापही उपयोगाचं नाही, कारण १४ बाय १८ इंच हे माप बऱ्याच कंपन्यांनी वापरलंय. कंपनीचं घराणं ओळखायचं असेल तर मशीनला पाना लावून बघा.

९/१६ इंचाचा पाना चपखल बसतो आणि १४ मिलिमीटरचा बसतच नाही असे बोल्ट मशीनवर मूळचे असतील, तर मशीन इंची आहे, म्हणजे बहुतेक अमेरिकन वळणाचं. १३, १७, १९ चे पाने नीट बसत असतील तर जर्मन किंवा इटालियन धरा. फक्त १९ वर विसंबू नका, पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तो दोन्हीकडे बसतो आणि माणूस फसतो. मधे कोणी बोल्ट बदललेले असतात, म्हणून सहसा कोणी हात लावत नाही अशा जागा बघा: गिअरबॉक्सचं झाकण, नॉटरच्या फ्रेमचे बोल्ट. मग व्हर्नियर लावून शाफ्ट मोजा. २५.४ आला की इंची, २५ आला की मेट्रिक.

त्यानंतर नॉटरची फ्रेम आणि गिअरबॉक्स डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने घासा. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव लोखंडात, उठावाची अक्षरं आणि आकडे असतात, ते ग्रीस आणि रंगाखाली दडलेले असतात. प्लेट चोरीला जाते, कास्टिंग कोण चोरणार? तो नंबर आणि व्हर्नियर बिलहुकशेजारी ठेवून काढलेले फोटो इथे टाका.

दोन बिलहुक आलटून पालटून बघितलेत हे फार बरं केलं. नॉटर बिघडला की लोक आधी चार स्क्रू फिरवतात आणि मग कुठलाच नीट राहत नाही.

---

भोसरी_लेथ

ताई, माझी सगळी उमेद टूलरूममध्ये गेली. भोसरीत स्वतःचं छोटं शॉप होतं, आता मुलगा बघतो. शेतीच्या मशीनचं जॉबवर्क आम्ही सुरुवातीपासून केलं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देतो. सगळ्यात आधी: बिलहुक बनवून घेऊ नका. बाकी जवळजवळ सगळं बनवून घ्या.

लोक मला विचारतात, पुण्यात रॉकेटचे भाग होतात आणि हा एवढासा हुक का होत नाही? होतो. पण एक नग नीट होत नाही. बिलहुक फिरतो, त्याच्यावर सुतळीचे दोन पदर गुंडाळतात, जीभ उघडते, टोकं चिमटीत धरते आणि मग वायपरचा हात तो वेढा ओढून टोकांवरून काढतो. गाठ बसते ती त्या ओढण्यात. म्हणजे वरून वेढा सहज निसटला पाहिजे आणि त्याच क्षणी जिभेखालची टोकं हलता कामा नयेत. यासाठी बाहेरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत हवा, आतली पकड घट्ट हवी, जिभेचा रोलर कॅमवर चढल्यावर जीभ पुरेशी उघडली पाहिजे. वक्र आकाराचा कडक केलेला भाग एका नगासाठी कोरायचा, हीट ट्रीटमेंटमध्ये तो किंचित वळतो, मग हाताने पॉलिश करायचा. एवढं करून पहिल्या पन्नास गठ्ठ्यांत समजतं की वळण केसभर चुकलंय. खर्च बाजारातल्या नगाच्या कितीतरी पट. साच्यातून शेकड्याने काढणाऱ्यालाच हे परवडतं.

आणि मिळत नाही असं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याने मॉडेलच्या नावाने शोधलं असणार. नॉटरची मूळ कल्पना विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीची, १८७० च्या दशकातली. तीही बेलरसाठी नव्हती, धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या बाइंडरसाठी होती. चालत चालत उचलून स्वतःच गाठ मारणारा बेलर पेन्सिल्व्हेनियाच्या एडविन नोल्टने १९३० च्या दशकाच्या अखेरीस केला आणि १९४० मध्ये न्यू हॉलंड कंपनीने तो बाजारात आणला. तेव्हापासून पिकअप बदलले, गिअरबॉक्स बदलले, पण गाठ मारणारा भाग कोणी उगाच छेडला नाही, कारण चालणाऱ्या नॉटरला हात लावायची कोणाची छाती होत नाही. याचा फायदा तुम्हाला. जुन्या मशीनचा बिलहुक बहुधा त्या मशीनसाठी म्हणून मिळत नाही, पण त्याच घराण्यातल्या आजच्या मशीनसाठी म्हणून मिळतो. बाहेरच्या देशांतल्या पार्ट विकणाऱ्यांच्या याद्या उघडून बघा, एका बिलहुकपुढे वीस-पंचवीस मॉडेलं लिहिलेली असतात, न्यू हॉलंडच्या जुन्यातल्या जुन्या हेलाइनर बेलरपासून पुढे. तुमच्या खरवडलेल्या रंगावरून माझा अंदाज तिकडेच जातो, तांबडा-पिवळा न्यू हॉलंडचा. पण दौंडवाले म्हणतात तसं कास्टिंग वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका.

तसं निघालं तर बीसी ५०६० नावाचा त्यांचा छोटा बेलर भारतात विकला जातो. डीलरकडे गेल्यावर जुन्या मशीनचं नाव काढू नका. बीसी ५०६० चा नॉटर उघडून दाखवा म्हणावं, किंवा त्याचं पार्ट पुस्तक मागा, चित्रातला बिलहुक आणि तुमचा बिलहुक शेजारी धरा. शाफ्टचा व्यास, पिनचं भोक, एकूण उंची, जिभेची लांबी आणि खालच्या पिनियनचे दात, ही पाच मापं जुळली तर घ्या. एकही हललं तर घेऊ नका.

घ्याल तेव्हा एकच बिलहुक घेऊ नका. रोलर आणि त्याची पिन वेगळी मिळते, ती दोन्ही नॉटरसाठी घ्या. डावीकडचा उत्तम चाललाय म्हणता, पण तोही तेवढेच गठ्ठे बांधून बसलाय. नॉटरची छोटी सुरीही घ्या. बोथट सुरी सुतळी कापत नाही, ओढते, आणि ओढताना गाठ ढिली होते.

आता बसवताना एक गोष्ट फार महत्त्वाची. नवीन बिलहुक आला की वायपरच्या हाताचं जुनं सेटिंग चालत नाही. जुन्या, झिजलेल्या पाठीवर तो हात घासत होता, नव्यावर तो एकतर अडकेल किंवा अधांतरी राहील. फ्लायव्हील हाताने फिरवून बघा, वायपरची टाच बिलहुकच्या पाठीवरून हलकेच घासत गेली पाहिजे. निळं मार्किंग लावलं की स्पर्श कुठे होतो ते स्पष्ट दिसतं. कमी-जास्त असेल तर तो हात वाकवूनच जुळवतात, तिथे स्क्रू नसतो. लांब पाइप घालून, थोडं थोडं. लोक इथे हातोडा मारतात, त्याने कास्टिंग तडकतं.

जे बनवून घ्यायचं ते ऐका. पिकअपचे दात भोसरी-चाकण पट्ट्यातला कुठलाही स्प्रिंगवाला करील, पण त्याला धड असलेला जुना दात द्या, तुटका देऊ नका, आणि वेटोळ्याची दिशा सांगा. गवत उचलताना दातावर जोर येतो तेव्हा वेटोळं आवळलं गेलं पाहिजे. उलट्या दिशेने गुंडाळलं तर जोराने ते उलगडतं आणि दात एका हंगामात मोडतात. गुंडाळल्यावर भट्टीत ताण काढून द्या म्हणून सांगा, नाहीतर तो विसरतो. दिसायला दात तसाच असतो, मोडल्यावर कळतं.

प्लंजरची सुरी काढून सरफेस ग्राइंडरवर धार लावा, पाणी चालू ठेवून. निळी पडली तर तिचं पाणी उतरलं समजा. बसवताना चेंबरच्या स्थिर सुरीशी अंतर अर्धा ते पाऊण मिलिमीटर. फिलर गेज घालून वर, मधे आणि खाली, तिन्हीकडे बघा. जास्त अंतर असेल तर गवत कापलं जात नाही, चिरडतं, गठ्ठ्याची एक बाजू दाढीवाली होते आणि ट्रॅक्टर दम टाकतो. पण रोलरचं बेअरिंग कुरकुरत असेल तर हे अंतर आज लावाल आणि उद्या बदलेल. म्हणून आधी रोलर, मग सुरी.

बेअरिंग आणायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. शाफ्ट एक इंची निघाला तर यूसी २०५ नको, यूसी २०५-१६ हवं. पहिल्याचं भोक २५ मिलिमीटर, दुसऱ्याचं पुरं एक इंच. दुकानदार पहिलं देतो, ते शाफ्टवर जात नाही, मग कोणीतरी शाफ्ट लेथवर घासून बारीक करतो. असे बिघडवलेले शाफ्ट माझ्याकडे खूप आले. शाफ्ट एकदा खाल्ला की परत भरत नाही.

फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट, म्हणजे जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, मूळ ग्रेडचाच ठेवा. वारंवार तुटतो म्हणून लोक १०.९ ग्रेडचा, जास्त कडक, घालतात. मग बोल्ट तुटत नाही, सुई तुटते. सुई कास्ट असते, तिला आर्क वेल्डिंग करू नका. गॅसवर पितळेने ब्रेझिंग करतात, आणि तेही शेजारची चांगली सुई फर्म्यासारखी लावून, म्हणजे वळण जात नाही.

---

हडपसर_स्पेअर

भोसरीच्या काकांनी यूसी २०५-१६ चं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. आमच्या काउंटरवरही हाच घोळ होतो. शेतकरी "पंचवीसचं द्या" म्हणतो आणि आम्ही देतो. इंची पाने नसतील तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा, चांगले जुने मिळतात.

---

माळावरचं_गवत (सासवड)

काका, दौंडवाले दादा, दोघांचे मनापासून आभार. मी कालची संध्याकाळ मशीनखाली काढली. लिहिते.

९/१६ चा पाना गिअरबॉक्सच्या झाकणाला तंतोतंत बसला, १४ चा शिरलाच नाही. पिकअपचा शाफ्ट २५.४. झाकण डिझेलने धुतलं आणि तारेच्या ब्रशने घासलं तर उठावात "न्यू हॉलंड" अशी इंग्रजी अक्षरं निघाली. अण्णा शेजारी खुर्चीवर बसले होते. इतकी वर्षं ते त्या झाकणावर ग्रीसचा डबा ठेवत होते. नॉटरच्या फ्रेमवरही नंबर आहे, त्याचा आणि बिलहुकचा व्हर्नियरसकट फोटो जोडला आहे.

मग काकांनी सांगितली तशी पाचही मापं कागदावर उतरवून घेतली आणि बिलहुक पिशवीत घालून आज सकाळीच दिवे घाट उतरले. या वेळी दुसऱ्या डीलरकडे गेले आणि जुन्या मशीनचा विषयच काढला नाही. बीसी ५०६० चं पार्टचं चित्र बघायचंय म्हटलं. काउंटरवरच्या मुलाने संगणकावर उघडून दिलं, मी बिलहुक स्क्रीनशेजारी धरला. आकार तोच. मापं मात्र चित्रात नसतात, म्हणून त्याने गोडाऊनला फोन लावून तिथल्या माणसाकडून नगावर व्हर्नियर लावून घेतला. पाचही जुळली. तो नग पुण्यात नाही, बाहेरून मागवावा लागेल, दसऱ्याच्या आत येतो म्हणाला. दोन रोलर, दोन पिना आणि दोन छोट्या सुऱ्याही सांगितल्या. वस्तू हातात आल्यावर मी स्वतः मोजणार आणि मगच बाकीचे पैसे देणार, हे बोलून ठेवलंय.

दात भोसरीला टाकले. वेटोळ्याची दिशा सांगितली तेव्हा स्प्रिंगवाल्याने मान वर करून बघितलं आणि "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं विचारलं. मी तुमचं नाव सांगू शकले नाही, मला ते माहीत नाही. पण त्याने भट्टीचं आपणहून कबूल केलं.

आता एक उरलेला प्रश्न. अण्णा नेहमी घायपाताची सुतळी वापरत, ती आता महाग पडते आणि दर वेळी मिळतही नाही. प्लास्टिकची, पॉलीची, सहज मिळते. नवीन बिलहुकवर पॉली चालवावी का? तबेलेवाल्यांची तक्रार अशी की पॉलीचे तुकडे गवतात राहिले तर घोडा खातो. मला हे खरंच काळजीचं वाटतं.

---

दौंड_पाचट

अभिनंदन ताई, अर्धं काम झालं.

पाचटाला आम्ही पॉलीच वापरतो, कारण ते भट्टीत किंवा कारखान्यात जातं. चाऱ्याचं गणित वेगळं. घायपाताचा तुकडा पोटात गेला तरी तो शेवटी वनस्पतीचाच धागा, पॉली पोटात तशीच राहते. त्यामुळे तबेल्यासाठी शक्य असेल तोवर घायपातच वापरा, आणि नाइलाजाने पॉली वापरली तर भडक रंगाची घ्या. निळी किंवा नारिंगी सुतळी वाळल्या गवतात लगेच दिसते, पिवळसर दिसत नाही. सुतळी गाठीपाशी कापायची आणि दोन्ही सुतळ्या मोजून बाजूला काढायच्या, ही सवय तबेल्यातल्या मोतद्दाराला लावता येते. आम्ही गोठेवाल्यांना हेच सांगतो.

नॉटरच्या बाजूने बघाल तर पॉली बारीक आणि निसरडी असते. घायपातावर बसवलेली ट्वाइन डिस्क, म्हणजे गाठ पडेपर्यंत सुतळीचं टोक धरून ठेवणारी चकती, तिला सैल धरते आणि सुतळी सुटते. मग लोक बिलहुकला दोष देतात. सुतळी बदलली की डिस्कच्या पट्टीचा बोल्ट पाव फेरा आवळायचा, दहा गठ्ठे बांधायचे, टोकं बघायची, मग लागलं तर पुढचा पाव फेरा. टोक पिंजलेलं किंवा डिस्कपाशी तुटलेलं दिसलं की जास्त झालं, मागे या. दोन्ही नॉटरवर एकाच वेळी वेगवेगळी सुतळी लावू नका.

पार्टबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१८ मध्ये केंद्राची पिकांचे अवशेष जाळू नयेत म्हणूनची योजना पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीत सुरू झाली. तिकडे बेलर पुष्कळ झाले आणि त्यांच्यामागे पार्टची दुकानंही. आमचे नॉटरचे पार्ट बहुतेक तिकडूनच येतात. तुमचा नग दसऱ्याच्या आत आला नाही तर मला इथेच कळवा. आमच्याकडे एक उघडलेला नॉटर आहे, त्यातला बिलहुक तुमच्या मापाचा निघाला तर हंगामापुरता घेऊन जा.

---

भोसरी_लेथ

फोटो बघितला. ताई, खाच माझ्या अंदाजापेक्षा खोल आहे, तो बिलहुक पॉलिश करून चालवायचा विचारही करू नका. पण टाकूनही देऊ नका, मोजमापाला घरात एक असू द्या.

नवीन नग बसवल्यावर शेतात जाण्याआधी चाचणी अशी घ्या. ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात ठेवा आणि पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोरावर बेलर फिरवणारा दांडा, बेलरपासून सोडवून ठेवा, नुसता न्यूट्रल केलेला चालणार नाही. सुतळी ओवा, गठ्ठ्याची लांबी मोजणाऱ्या मीटरिंग चाकाचा हात उचलून नॉटर ट्रिप करा आणि फ्लायव्हील हाताने, चालताना फिरतं त्याच दिशेला, सावकाश फिरवा. फिरवणारा माणूस एकच हवा. नॉटरपाशी बसलेल्याने तोंडाने सांगायचं आणि हात आत घालायचा नाही, कारण फ्लायव्हील जड असतं, एकदा गती घेतली की लगेच थांबत नाही. सुया चेंबरमध्ये शिरताना प्लंजरचा चेहरा पुढे आलेला असला पाहिजे, म्हणजे सुया त्याच्या खाचांतून वर जातात. तसं दिसलं नाही तर तिथेच थांबा आणि मला लिहा, कारण मग टायमिंगचं काम आहे आणि ते आधी करावं लागेल.

गाठ पडली की ती बोटाने ओढून बघू नका. दोन्ही टोकं धरून झटका द्या. धरली तर पुढे जा. मग पहिले गठ्ठे लसूणघासाचे करू नका. तो ओलसर आणि जड असतो, नव्या नॉटरवर एकदम भार येतो. माळावरचं हलकं, वाळलेलं पवन्या आधी घ्या, गठ्ठ्याचा दाब कमी ठेवा, आणि शंभरेक गठ्ठे झाल्यावर वायपरचा स्पर्श पुन्हा निळं लावून बघा. नवीन पृष्ठभाग एकमेकांत बसतात तेव्हा थोडी जागा होतेच.

अण्णांना नमस्कार सांगा. प्लंजरच्या रोलरचं बेअरिंग काढलंत की त्याच्या नंबरचा फोटो टाका, ते इंची निघालं तर पर्याय मी बघून ठेवतो.

---

माळावरचं_गवत (सासवड)

काका, अण्णांनी नमस्कार परत पाठवलाय आणि निरोप आहे की वायपरचा हात वाकवायला ते स्वतः पाइप धरणार.

दादा, तुमच्या नॉटरबद्दल फार आभार. नवरात्राची पहिली माळ लागेपर्यंत पार्सल आलं नाही तर मापं घेऊन दौंडला येते. सुतळीचं तुमच्याप्रमाणे ठरवलं: तबेल्याच्या गठ्ठ्यांना घायपात, आमच्या गोठ्यांच्या गठ्ठ्यांना नारिंगी पॉली, आणि दोन्हींची कामं वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे डिस्क एकदाच लावता येईल.

रोलरचं बेअरिंग आज काढलं. बाहेरच्या रिंगवरचा नंबर अर्धा पुसलाय, पण आतलं भोक मोजलं: १९.०५. फोटो खाली जोडते.